डावीकडची सीट

थर्मासमध्ये चहा भरता भरता मंजूषाने विचारलं, "अजितची पाठ खरंच धरलीय, का तू धरायला लावलीस?"

"खरंच धरलीय गं. डीमनच्या घरून फोन होता त्याचा, सोफ्यावरून उठता येत नाहीये," श्रीकांत गॅरेजच्या दारातून म्हणाला. हातात पिवळं फडकं, चेहऱ्यावर उत्साह मावत नव्हता. साठीला टेकलेला माणूस. आठवडाभर आइंडहोवनच्या ऑफिसात चिपच्या यंत्रांवरून मीटिंगा गाजवायचा, पण शनिवारी त्या गाडीपाशी गेला की शाळेला सुट्टी लागल्यासारखा दिसायचा. मंजूषाला त्याचं हे रूप फार आवडायचं. गाडीशीही तिचं काही वाकडं नव्हतं. तिचं वाकडं होतं गाडीतल्या डावीकडच्या सीटशी.

गाडी म्हणजे एमजी. दोन माणसांची, गडद हिरवी, कापडी छताची, साठच्या दशकात इंग्लंडात जन्मलेली, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे. हॉलंडात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उजवीकडे बसून चालवणाऱ्याला पुढे ट्रक आला की त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. पुढचा रस्ता दिसतो तो डावीकडे बसणाऱ्याला. म्हणजे हातपाय एकाचे आणि डोळे दुसऱ्याचे, असा त्या गाडीचा संसार.

श्रीकांतला ही गाडी त्याच्या जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या याप फान डोर्न नावाच्या म्हाताऱ्याने दिली. बुटका, गोलमटोल, नव्वदीकडे झुकलेला याप आता नदीकाठच्या एका गावात वृद्धाश्रमात राहायचा. गाडी सुपूर्द करताना त्याने श्रीकांतला इंजिनाबद्दल फारसं काही सांगितलंच नाही. डावीकडच्या डॅशबोर्डवर एक जागा दाखवली. तिथला काळा रंग उडून खालचा पत्रा चमकत होता.

"ही ट्रूसची जागा," तो म्हणाला होता. ट्रूस म्हणजे त्याची बायको, जाऊन बरीच वर्षं झालेली. "वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून ती अंगठीने वाजवायची. दोनदा टकटक, म्हणजे रस्ता मोकळा, जा. एकदाच टक, म्हणजे थांब. आयुष्यभर आमचं एवढ्यावर भागलं."

श्रीकांतने घरी येऊन ही गोष्ट मोठ्या रंगात सांगितली. मंजूषालाही गोड वाटली. दुसऱ्या दिवशी ती कौतुकाने गाडीत बसायला गेली, बसली, आणि चटका बसल्यासारखी उठली.

सीट कोमट होती. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी. गॅरेज रात्रभर बंद, बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आणि त्या चामड्याला माणसाची ऊब होती. वर पेपरमिंटचा वास.

मंजूषा काही हळव्या मनाची बाई नव्हती. आधी पुण्यात आणि नंतर इथे डच शिकून, परीक्षा देऊन, तिने जन्मभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या हाताळल्या होत्या. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती उठून कुकर लावायला जायची. पण त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तिथे कुणीतरी बसलंय, श्रीकांत. मी नाही बसणार." आणि खरंच बसली नाही. दोन उन्हाळे श्रीकांत क्लबच्या सहलींना आपल्या मित्राला, अजितला, शेजारी बसवून गेला. अजितला काही जाणवलं नाही. पण अजितला घरात गॅस चालू राहिलेलाही जाणवत नाही.

आज क्लबची वर्षातली शेवटची सहल होती. यानंतर बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ पडायला लागतं, त्याने पत्रा गंजतो आणि जुन्या ब्रिटिश गाड्या वसंतापर्यंत पांघरूण घेऊन झोपतात. श्रीकांतची साठी याच आठवड्यात झाली होती. काय हवं विचारल्यावर त्याने स्वेटर नाही मागितला, घड्याळ नाही मागितलं. "एकदा शेजारी बस," म्हणाला.

मंजूषाने बराच विचार करून शेवटी सौदा केला. "बसते. पण आज मला तिथे सुखाने बसता आलं नाही, तर गाडी द्यायची कुणालातरी. घरात माझ्याशिवाय दुसरीची जागा मला नको."

श्रीकांत हसला, पण त्याचा चेहरा जरासा उतरला. तो हो म्हणाला. तो एकदा हो म्हणाला की पाळायचा, हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिला वाईट वाटत होतं.

गॅरेजमध्ये तिने डावीकडचं दार उघडलं, क्षणभर थांबली आणि उगाच, स्वतःलाच धीर द्यायला म्हणाली, "आजी, जरा सरकून घ्या हं."

सीट गार होती. नुसती सीट. मंजूषाने सुटकेचा श्वास सोडला आणि थर्मास पायाशी ठेवला.

निघण्याच्या ठिकाणी गावच्या चौकात गाड्यांची जत्राच भरली होती. लाल, पिवळ्या, दुधी, चकाकत्या. कापडी टोप्या घातलेले आजोबा एकमेकांच्या इंजिनात डोकी घालून उभे होते. प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होतं. हिच्यातून आम्ही लग्नानंतर स्कॉटलंडला गेलो, हिच्या मागच्या फळीवर आमचा मुलगा झोपायचा. मंजूषाला आधी हसू आलं आणि मग गलबलून आलं. ही माणसं पत्र्याबद्दल बोलतच नव्हती. कॉफी झाली, वाटेचं पुस्तक मिळालं. त्यात चौकाचौकांची चित्रं असतात. काळा ठिपका म्हणजे तुम्ही इथे आहात, बाण म्हणजे इकडे वळा. वाचणं डावीकडच्याचं काम. मग झेंडा हलवून एकेक गाडी थोड्या थोड्या अंतराने सोडली.

मंजूषा या कामात भलतीच रमली. "पुढे चर्च, मग डावीकडे. अरे, डावीकडे म्हटलं ना!" कुणी समोरून जुनी गाडी आली की दोघं हात हलवायची. एका ट्रकमागे अडकले तेव्हा तिने मान बाहेर काढून पाहिलं आणि ओरडली, "जा, मोकळा आहे!" श्रीकांतने गाडी काढली. तिच्याकडे बघून तो लग्नाआधी पर्वतीच्या पायथ्याशी हसायचा तसा हसला. मंजूषाने मनातल्या मनात सौदा जवळजवळ मोडून टाकला.

धुकं आलं ते नदीवरून. वाट आता मास नदीच्या काठाकाठाने घातलेल्या बंधाऱ्यावरून जात होती. उंच बंधारा, वर अरुंद डांबरी रस्ता, मधे पट्टा नाही, दोन्हीकडे गवताचे उतार. आधी लांबची झाडं पुसली गेली, मग खालच्या कुरणातल्या मेंढ्या, मग उतार. दुपार असून उजेड राखेच्या रंगाचा झाला. ओल्या गवताचा आणि चिखलाचा वास आत येऊ लागला. पुढची गाडी कधीच दिसेनाशी झाली होती आणि मागून कुणी येत नव्हतं.

"जरा थांबू या. चहा घेऊ, तोवर विरळ होईल," श्रीकांत म्हणाला. एका जुन्या पंपघराजवळ कडेला थोडी जागा होती. तिथे थांबले. इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता पसरली की थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाजही मोठा वाटला. धुकं विरळ झालं नाहीच. उशीर नको म्हणून श्रीकांतने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मंजूषाच्या हातात अजून अर्धा कप चहा होता, तो सांडू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी धरला.

आणि तिला फार बरं वाटलं. का ते कळेना, पण सगळं कसं जागच्या जागी वाटत होतं. उजवीकडे श्रीकांत, त्याच्या हातात स्टिअरिंग, आपल्या डाव्या हाताशी रस्त्याची कड, कडेचं गवत. इतकी वर्षं या देशात राहूनही गाडीत बसल्यावर कुठेतरी आत एक मुरगळलेली शीर असायची, ती जणू सुटली. श्रीकांतही सैल होऊन चालवत होता. शीळ घालत होता.

मग पेपरमिंटचा वास आला.

मंजूषाने कप घट्ट धरला. वास जवळून येत होता, कुणी तोंडात गोळी ठेवून शेजारी वाकावं इतका जवळून. तिच्या मांडीखालची सीट हळूहळू उबदार होत चालली होती.

"श्रीकांत..."

"हं?"

टक. टक. टक.

पत्र्यावर धातू. डॅशबोर्डच्या त्याच जागी, तिच्या गुडघ्यांसमोर. तिथे काहीच नव्हतं. चमकता पत्रा तेवढा होता.

"काय गं? तीनदा कशाला?" श्रीकांत समोर बघतच म्हणाला.

"मी... मी नाही वाजवलं."

"मग कोण..."

टक. टक. टक. आता जोरात, रागावून. एखादी आजी मुलाच्या हातावर चापटी मारते तसं. श्रीकांतचा पाय आपसूक ब्रेककडे गेला. मंजूषाने डावीकडे पाहिलं. आपल्याला इतकं आवडलेलं गवत तिथे खिडकीशी घासत चाललं होतं, आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आपण डाव्या बाजूला आहोत," ती कुजबुजली, "पुण्यासारखे... श्रीकांत, उजवीकडे घे!"

त्याने स्टिअरिंग फिरवलं. गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला लागते न लागते तोच धुकं फाटलं आणि बिटाचे ढीग लादलेला एक प्रचंड ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट, मंजूषाच्या खांद्याजवळून धडधडत निघून गेला. आत्ता ज्या जागी ते होते, बरोबर त्या जागेवरून. एक बीट ट्रॉलीतून उडून कापडी छतावर आदळलं आणि घरंगळत गेलं.

श्रीकांतने गाडी थांबवली. "पंपघरापाशी... रस्त्यावर घेताना... मला कळलंसुद्धा नाही, मंजू. जन्मभराची सवय..."

"मलाही नाही कळलं," ती म्हणाली. "उलट मला तर छान वाटत होतं." आणि ती रडायला लागली. भीतीने की आणखी कशाने, तिलाही सांगता आलं नसतं. श्रीकांतने तिचा हात हातात घेतला. मंजूषाच्या बोटात अंगठी नव्हती. लॅबच्या कामामुळे तिने कधी घातलीच नव्हती. चहा मात्र एक थेंबही सांडला नव्हता.

सहल संपायची ती बंधाऱ्याखालच्या एका पॅनकेकच्या हॉटेलात. क्लबची एक जुनी रीत होती. ज्या सभासदांना आता गाडी चालवता येत नाही, त्यांना शेवटच्या सहलीला तिथे आणून बसवायचं. दारात चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन याप बसला होता. आपली हिरवी गाडी दिसताच त्याने टोपी काढली.

आत टेबलावर पॅनकेक आले तशी मंजूषाने त्याच्याजवळ खुर्ची ओढली. श्रीकांत तिला खुणेने नको नको म्हणत होता, पण ती थांबणारी नव्हती. "याप, दोनदा म्हणजे जा, एकदा म्हणजे थांब. मग तीनदा म्हणजे काय?"

यापचा काटा प्लेटवर पडला. "तीनदा? तीनदा असं काही नव्हतं आमच्यात." त्याने काटा उचलून बाजूला ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एकदाच. हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या दिवशी. तिचं बोलणं गेलं होतं. पलंगाच्या दांडीवर अंगठीने वाजवत होती. तीनदा. परत तीनदा. मी पाणी दिलं, उशी नीट केली, नर्सला बोलावलं. ती चिडून वाजवतच राहिली. मला शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून रोज विचार करतो, काय हवं होतं तिला?" त्याने मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

मंजूषाने सांगितलं. सगळं सांगितलं. पंपघर, गवत, ट्रॅक्टर. "ती सांगत होती, चुकीच्या बाजूला आहात. आपल्या बाजूला या," ती म्हणाली. मग तिच्या मनात आलं ते तिने हळूच विचारलं. "याप, हॉस्पिटलमध्ये तुम्ही तिच्या कुठल्या बाजूला बसला होतात?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. हवेत हात धरून पलंग आखला, खिडकी आखली. "डावीकडे," तो म्हणाला. "खुर्ची तिकडे होती." त्याने डोळे उघडले. "आयुष्यभर मी तिच्या उजव्या हाताला बसलो. आणि त्या दिवशी, खुर्ची तिकडे होती म्हणून..." तो रडत होता आणि हसतही होता. "काय गं बाई, एवढंच होय? एवढंच होतं होय?" मंजूषाने त्याचे डोळे आपल्या ओढणीने पुसले. श्रीकांत खिडकीतून बाहेर बघत राहिला.

निघायच्या आधी यापने गाडीत बसायचा हट्ट धरला. दोघांनी त्याला उचलून उजवीकडे, स्टिअरिंगमागे बसवलं. त्याचे पाय पोचेनात, म्हणून श्रीकांतने खालचा खटका ओढून सीट पार पुढे सरकवली. "जरा एकटं सोडा आम्हाला," म्हातारा म्हणाला. "आम्हाला" म्हणाला, तेव्हा मंजूषाच्या अंगावर काटा आला, पण पहिल्यासारखी भीती वाटली नाही. कॉफी गार होईल म्हणून ती बोलवायला गेली तेव्हा तो हातांवर हनुवटी टेकून समाधानाने बसला होता. "अजून थांब म्हणते," तो म्हणाला. "एकदाच वाजवलं."

श्रीकांतने सीट परत मागे सरकवली. त्याच्या लांब टांगा एरवी आत मावतच नसत. परतताना मंजूषा डावीकडे बसली आणि आइंडहोवन येईपर्यंत झोपली. सौद्याचा विषय निघाला नाही. रात्री झोपताना ती एवढंच म्हणाली, "राहू दे गाडी." आणि पांघरूण ओढून घेत, "आजींनी मला जागा दिली ना. मग मी कोण त्यांना उठवणार?"

श्रीकांतने गाडी मागे मागे आत घेतली आणि ती तोंड दाराकडे करून कापडाखाली झोपली. किल्ली स्वयंपाकघरातल्या खणात गेली. हॉलंडचा हिवाळा जातो तसा गेला, म्हणजे जाता जात नव्हता. गॅरेजमध्ये कुणी फिरकलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वृद्धाश्रमातून फोन आला. याप झोपेतच गेला होता. फोन ठेवता ठेवता नर्स म्हणाली, काल संध्याकाळी त्याने पलंग हलवून घेतला, खोलीच्या दुसऱ्या बाजूला. डाव्या हाताला जागा मोकळी हवी म्हणाला.

क्लबचा सभासद गेला की त्याच्यामागून सगळ्या गाड्या जातात, मीठ असो की बर्फ. अंत्यविधीच्या दिवशी उजाडल्यावर दोघं गॅरेजमध्ये उतरली. मंजूषाने पांढरी साडी नेसून वर कोट घातला होता. तिने कापडाचं एक टोक धरलं, श्रीकांतने दुसरं. कापड निघालं. श्रीकांत उजवीकडचं दार उघडून आत शिरायला गेला आणि तसाच वाकलेला राहिला.

"काय झालं?"

"सीट..." तो म्हणाला. "पुढे आहे. पार पुढे."

मंजूषा त्याच्यामागून डोकावली. बुटक्या माणसाला लागते तशी सीट स्टिअरिंगला भिडली होती. श्रीकांतने खटक्याकडे हात नेला.

"राहू दे," ती पटकन म्हणाली.

"अगं, मग मी बसू कुठे?"

ती जाऊन गॅरेजचं दार वर करू लागली. दार कुरकुरत वर गेलं, थंड उजेड आत आला. समोरची गल्ली रिकामी होती. एक सायकलसुद्धा नव्हती.

टक. टक.

दोघंही जागच्या जागी थिजली. आवाज गाडीतून आला होता, डावीकडून, शांत आणि समजूतदार. पेपरमिंटचा वास दारापर्यंत पोचला. मंजूषाने गल्लीकडे पाहिलं, मग रिकाम्या गाडीकडे. रस्ता खरंच मोकळा होता. तिचे डोळे भरून आले.

"आजी, थांबा हं जरा," ती म्हणाली. आवाज घरच्या माणसाशी बोलण्याचाच होता. "आम्हालाही यायचंय बरोबर. असं न सांगता निघायचं नाही."

क्षणभर काही झालं नाही.

मग एकदाच, टक.

आणि गाडीच्या मागची भिंत ब्रेकच्या दिव्यांनी लाल उजळली. किल्ली श्रीकांतच्या मुठीत होती.